दुखण्याची विशेषणं

“मून-लाइक?”

आढाव सिस्टरांनी लाल पेन्सिलीचं टोक माझ्या रिपोर्टावर टेकवलं आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. “गुरव, सात नंबरचा चेहरा चंद्रासारखा झालाय?”

“हो सिस्टर.” मला वाटलं, शाबासकी येतेय.

“कधीपासून?”

“आज सकाळपासनं. काल अगदी कोमेजला होता.”

सिस्टर उठल्या आणि जवळजवळ धावतच पुरुषांच्या वॉर्डात गेल्या. मी मागोमाग. सात नंबरच्या खाटेवर अण्णाप्पा मगदूम बसला होता. गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस उडून त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. डाव्या हाताने तो पेज पीत होता. सिस्टरांनी त्याची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं, गाल दाबले, पापण्या ओढून पाहिल्या, घोटे चाचपले.

“आवो बाई, हात भाजलाय माझा,” अण्णाप्पा घाबरून म्हणाला. “तोंडाला काय न्हाई झालं!”

“सूज कुठं आहे?” सिस्टरांनी मला विचारलं.

“सूज नाही सिस्टर. त्याला रात्री छान झोप लागली. तोंडावर तेज आलं, म्हणून लिहिलं...”

सिस्टरांनी क्षणभर डोळे मिटले. मग मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, की काही औषधांनी पेशंटचा चेहरा सुजून वाटोळा होतो आणि डॉक्टरलोक त्याला चंद्रासारखा चेहरा म्हणतात. “तुझ्या देवळात चंद्र म्हणजे कौतुक असेल. इथं चंद्र म्हणजे औषध बदलायची वेळ.”

हे चौऱ्याहत्तर सालचं. मी एकोणीस वर्षांची, कृष्णाकाठच्या एका मिशनच्या हॉस्पिटलात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. माझे दादा, म्हणजे वडील, आमच्या गावच्या मारुतीचे गुरव. देऊळ झाडायचं, समया घासायच्या आणि कीर्तनकार आले की त्यांची बैठक घालायची, हे आमच्या घरचं काम. त्यामुळे मी नीट चालायला लागायच्या आधी कीर्तन ऐकायला लागले. बुवांनी रामाच्या मुखाचं वर्णन सुरू केलं की कमळं, चंद्र, नीलमणी यांची नुसती रास पडायची, आणि मी पेटीवाल्याच्या मागे बसून ती मनात वेचायची. वर्णन म्हणजे देवाला वाहिलेली फुलं. जितकी जास्त तितकी पूजा चांगली, अशी माझी पक्की समजूत. इंग्रजी शिकायची वेळ आली तेव्हा साहजिकच मला आधी विशेषणं आवडली. जो शब्द सापडेल तो मी पेशंटवर वाहत सुटले.

रिपोर्ट इंग्रजीतच लिहावे लागत, कारण डॉक्टर वर्गीस केरळातून येऊन तीनच महिने झाले होते. मराठीतलं ‘कुठं दुखतं’ आणि ‘श्वास घ्या’ एवढंच त्यांना यायचं. पेशंटला काय होतंय हे त्यांना निम्मं हाताने कळे आणि निम्मं आमच्या कागदावरून.

त्या दिवशी दुपारी सिस्टरांनी मला समोर बसवलं.

“ऐक. विशेषण म्हणजे वस्तू कशी आहे. क्रियाविशेषण म्हणजे काम कसं चाललंय. जीभ कशी? ड्राय. पेशंट पाणी पितोय, पण कसा? स्लोली. पाय उचलतोय, तो ईझीली का पेनफुली? बस्स. आणि जो शब्द तुला डोळ्यानं, हातानं किंवा कानानं पडताळून दाखवता येणार नाही, तो लिहायचाच नाही. काल तू लिहिलंस, बारा नंबर ब्यूटिफुली झोपला. कशानं मोजलंस?”

“मग कसा झोपला लिहू?”

“घोरत होता?”

“नाही.”

“कुशी बदलत होता?”

“नाही.”

“मग क्वाएटली झोपला. आणि आजपासून ‘लाइक’ तुला बंद. याच्यासारखं, त्याच्यासारखं, काही नको. उपमा दिसली की पान फाडीन.”

त्यांनी मला एक पाठकोरी वही दिली. रोज प्रत्येक खाटेपाशी उभं राहायचं आणि एका माणसासाठी तीन शब्द आणायचे. पहिले दोन दिवस मला ती शिक्षा वाटली. तिसऱ्या दिवसापासून माझा पाय खाटांजवळून निघेना. मला एक कोडंच पडलं होतं: आपल्याकडे दुखण्याला किती नावं! कळ, ठणका, चमक, आग, ठुसठुस, रवरव. त्यांना इंग्रजीत काय म्हणत असतील? का त्या लोकांना नुसतंच दुखतं?

“अण्णाप्पा, हात कसा दुखतो?”

“कसा म्हंजे? दुखतोय!”

“तसं नाही. आग होते, का ठणकतो, का चमक येते?”

त्याने पेजेची वाटी खाली ठेवली. आजवर त्याला असं कुणी विचारलं नसावं. “हे बगा, सकाळच्याला आग. दुपारपास्नं ठणका. आन् पट्टी सोडल्यावर नुसतं वारं लागलं तरी हुळहुळतंय.”

आगीला ‘बर्निंग’ मिळाला, ठणक्याला ‘थ्रॉबिंग’. ‘हुळहुळं’ इंग्रजीत नसणारच अशी माझी खात्री होती, पण सिस्टरांनी चटकन ‘टेंडर’ दिला. डिक्शनरीत बघितलं तर तोच शब्द कोवळ्या भाजीला आणि तोच मायेलाही. दुखऱ्या जागेला आणि मायेला एकच शब्द ठेवणारी ही माणसं कशी असतील, या विचारात माझी एक दुपार गेली. ‘शॅलो’ हा शब्द धड्यात नदीला लावला होता. सिस्टर म्हणाल्या, वरच्यावर घेतलेल्या श्वासालाही तोच. नदीही उथळ आणि श्वासही उथळ! मी वहीत त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

वॉर्डालाही नाद लागला. मी आत शिरले की हाका सुरू. “बाई, माझं लिवून घ्या, टाचण्या टोचल्यागत!” “बाई, मला पोटात उंदीर पळल्यासारखं!”

“सारखं नको,” मी ओरडायची. “सारखं मला बंद आहे!”

चार नंबरच्या खाटेवर त्र्यंबकबुवा आष्टेकर होते. पंचक्रोशीत त्यांच्या तोडीचा कीर्तनकार नव्हता. लहानपणी त्यांना मी लाल पगडी आणि पांढऱ्याशुभ्र अंगरख्यातच पाहिलं होतं. हॉस्पिटलच्या ढगळ सदऱ्यात पाहिलं तेव्हा देवाची वस्त्रं उतरवलेली असताना गाभाऱ्यात डोकावल्यासारखं वाटलं. पोटात व्रण झाला होता. दर दोन तासांनी दूध आणि औषध, बाकी पडून राहायचं. रोज सकाळी तापमान घ्यायला गेले की बुवा डोळे मिटून रामनाम घेत असत. श्रीराम जयराम जय जय राम, अशी चार आवर्तनं एका दमात. मी काचेची नळी झटकत मुद्दाम रेंगाळायची आणि मोजायची.

“कसं आहे बुवा?”

“आनंद आहे.”

कधीही विचारा, कुणीही विचारा, उत्तर तेच. त्यांच्या गुरूंनी घालून दिलेली शिस्त होती: कीर्तनकाराने आपलं दुखणं लोकांपुढे मांडायचं नाही, विचारणाऱ्याच्या ओंजळीत आनंदच घालायचा. डॉक्टर वर्गीसही त्यांच्याकडून तो शब्द शिकले होते. “आनंद?” ते लांबूनच विचारायचे. “आनंद आहे,” बुवा हात उंच करून सांगायचे. आणि मी कागदावर लिहायची: कम्फर्टेबल.

रामनवमी जवळ आली होती. बुवांचं गाव आठ कोसांवर. तिथल्या राममंदिरात सदतीस वर्षं रामजन्माचं कीर्तन बुवाच करत होते. त्याआधी त्यांचे वडील. “बाराच्या ठोक्याला त्या पाळण्यापुढं आष्टेकर उभा पाहिजे,” बुवा म्हणायचे. डॉक्टरांनी कबूल केलं होतं: अष्टमीच्या सकाळपर्यंत दुखलं नाही तर घरी सोडतो, बसून कीर्तन करायचं आणि परत दुधावर राहायचं. गावाहून जीप यायची ठरली होती. मला सिस्टरांनी नवमीची रजासुद्धा दिली.

“जा, ऐकून ये,” त्या म्हणाल्या. “माझे पप्पाही कीर्तन करायचे. नगरकडं. फेटा, झांज, चिपळ्या, सगळं.”

“ख्रिस्ती कीर्तन?” माझा विश्वासच बसेना.

“नाताळात प्रभूच्या जन्माचं आख्यान लावायचे. गोठ्याचं वर्णन आलं की पुढं बसलेल्यांना ओल्या गवताचा वास यायचा.”

“मग उपमा तर देत असतील?”

“नाही गं. गोठ्यात जे असतं तेवढंच सांगायचे,” असं म्हणून त्या औषधाच्या कपाटाकडे वळल्या.

सप्तमीच्या संध्याकाळी बुवांनी मला जवळ बोलावलं. “द्वारके, तू त्या कागदावर माझं रोज काय लिहितेस गं?”

“कम्फर्टेबल.”

“म्हणजे?”

“आरामात आहे. काही त्रास नाही.”

“कम्-फर्-टे-बल.” त्यांनी खाटेच्या दांडीवर बोटांनी ठेका धरला. “चार मात्रांत बसतो. गोड शब्द आहे. उद्याही तोच लिही.”

“उद्याचं उद्या बघून लिहायचं असतं बुवा.”

“बघायचंय काय त्यात? मी सांगतो ना, आनंद आहे.”

मी हसले. हसताना मला दिसलं, की दुधाचा पेला अर्धा तसाच होता. दुपारचाही तसाच होता. मी पेला उचलला, मोरीत रिकामा केला आणि ते लिहिलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे नवमी होती.

अष्टमीला सकाळी सातला मी ड्यूटीवर आले. बुवांनी स्वतःचं धोतर नेसलं होतं. पगडीची पेटी उशाशी, अंगरखा घडी करून पायाशी. वॉर्डात गडबड चालली होती. “बुवा निघाले! बुवा, आमच्यासाठी सुंठवडा पाठवा!” बुवा मात्र उताणे पडून होते. गुडघे तेवढे वर घेतलेले.

“कसं आहे बुवा?”

“आनंद आहे.”

आवाज नुसता ओठांतून आला. मी काचेची नळी झटकली आणि त्यांचं नाम सुरू व्हायची वाट बघितली. श्रीराम जयराम. श्वास. जय जय. श्वास. राम. मग पुन्हा श्वास. मी मोजायची थांबले.

कीर्तनकाराचा दम पोटातून निघतो. नामाच्या वेळी बुवांच्या अंगावरची चादर होडीगत वरखाली व्हायची. आता धोतराच्या निऱ्या जिथल्या तिथे होत्या. नाडी धरली तर ती बोटाखाली पळत होती. मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. माणसाचं पोट हाताखाली दबतं. इथे माझा हात वरच थांबला.

बुवांनी माझं मनगट पकडलं. हात गार पडला होता.

“गप्प बस,” ते हळूच म्हणाले. “पहाटे एकदा सुरी फिरवल्यासारखं झालं. घटकाभर. मग आपोआप थांबलं. आता हललो नाही की काही नाही.”

“अहो, मग सांगायचं नाही का कुणाला?”

“सांगितलं की अडकवणार मला. द्वारके, उद्या नवमी आहे गं. वडील अंथरुणाला खिळले त्या साली मी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हापासून एक खंड नाही. तू गुरवाची पोर, तुला मी काय समजावू? एक शब्द लिहायचाय तुला. कालचाच.”

“आणि वाटेत काही झालं म्हणजे?”

“झालं तर रामाच्या दारात होईल.”

कीर्तनात हे वाक्य आलं असतं तर मी पदराने डोळे पुसले असते. पण माझा हात त्यांच्या पोटावर होता.

सिस्टर सहापासून बाळंतिणीच्या खोलीत अडकल्या होत्या. राउंडला वीस मिनिटं होती. बाहेर अंगणात जीप येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरने हौसेने दोनदा हॉर्न वाजवला. मी टेबलाशी बसले आणि कागद ओढला. ‘कम्फर्ट’पर्यंत लिहिलं. मग पेन पुढे जाईना. माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं हे आज पन्नास वर्षांनी छानसं रचून सांगता येईल, पण खरं एवढंच, की तो शब्द कशाने पडताळायचा ते मला सापडत नव्हतं. मी तो खोडला.

ओठ ड्राय. चेहरा पेल. नाडी फास्ट. श्वास शॅलो. पेशंट गुडघे वर घेऊन अगदी स्टिल पडून आहे. पोट श्वासाबरोबर हलत नाही. आता पोट कसं? ‘हार्ड’ लिहिलं. पण शिळी भाकरीही हार्ड असते आणि डोंगरही हार्ड असतो. माझ्या हाताला जे लागलं ते त्यात येत नव्हतं. वही पालथी घातली. शेवटी मनावर दगड ठेवून मी बंदी मोडली: ‘हार्ड लाइक अ वुडन पाट’. पाटाला इंग्रजी शब्द मला येत नव्हता, म्हणून तो तसाच ठेवला.

राउंड आला. सिस्टरही टॉवेलला हात पुशीत येऊन पोचल्या.

“आनंद?” डॉक्टरांनी दारातूनच विचारलं.

“आनंद आहे, डॉक्टर!” बुवांनी हात उंच केला. पण कोपरापासून केला, खांद्यापासून नाही.

“व्हेरी गुड!” डॉक्टरांनी घरी सोडायचा कागद लिहायच्या फळीवर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. माझा रिपोर्ट सिस्टरांच्या हातात गेला. त्या वाचत असताना त्यांचा दुसरा हात सवयीने लाल पेन्सिलीकडे वळला.

“गुरव. पुन्हा ‘लाइक’? आणि हा पाट कुठला? जेवायला बसायचा?”

“हो सिस्टर.”

“उद्या बुवांचं कीर्तन, म्हणून तू आजपासूनच सुरू केलंस का?”

वॉर्ड हसला. बुवाही हसले, नुसत्या ओठांनी. डॉक्टरांच्या सहीची पहिली अक्षरं कागदावर उमटली होती.

“ही उपमा नाही सिस्टर,” मी म्हणाले. “हात लावून बघा.”

“अगं, पण पेशंट स्वतः सांगतोय...”

“पेशंट खोटं बोलतोय.”

खाटेवर वाटी आपटल्याचा आवाज आला, ती अण्णाप्पाची असावी. ज्यांच्या पायांवर आमचं सगळं गाव डोकं ठेवायचं, त्यांना मी, गुरवाच्या पोरीने, चारचौघांत खोटं म्हटलं होतं. बुवांनी माझ्याकडे पाहिलं ते मला सोसवेना, म्हणून मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले.

सिस्टरांनी पेन्सिल कानामागे खोचली, चादर बाजूला केली आणि तळवा पोटावर ठेवला. त्यांनी तो दाबलाही नाही. डॉक्टरांकडे बघून त्या एकच शब्द बोलल्या, जो माझ्या वहीत नव्हता: “रिजिड.”

डॉक्टरांनी पेन खिशात टाकलं.

पुढचं सगळं, ऑपरेशनसुद्धा, पळापळीत झालं. व्रण फुटून पोटात ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं. आठ कोस जीपमधून गेले असते तर बुवा पोचले नसते, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्यांनी खोलीतून एक जाडजूड पुस्तक आणून मला एक ओळ दाखवली. मोठमोठ्या सर्जनांनी लिहिलेलं पुस्तक, आणि त्यात अशा पोटाला लिहिलं होतं ‘बोर्ड-लाइक’, फळीसारखं. सिस्टरांनीही ती ओळ वाचली. माझं पान त्यांनी फाडलं नाही, एवढंच.

पण हे नंतरचं. स्ट्रेचरवर घेताना बुवा मला म्हणाले, “माझा राम चुकवलास तू.”

नवमीला मी रजा घेतली नाही. दुपारी बाराला गावातल्या देवळांतून घंटा सुरू झाल्या. वॉर्डातले जे बसू शकत होते त्यांनी हात जोडले. बुवांच्या नाकात नळी होती, दंडाला सलाईन. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि घंटा थांबेपर्यंत तसेच राहिले. त्यांच्या गावात त्या वर्षी कीर्तन झालं नाही. पाळणा हलवला, गुलाल उधळला आणि लोक घरी गेले, असं जीपचा ड्रायव्हर सांगून गेला.

अकरा दिवस बुवा माझ्याशी बोलले नाहीत. सिस्टरांशी बोलत, डॉक्टरांशी हातवारे करून बोलत, अण्णाप्पाला तर गोष्टी सांगत. मी तापाची नळी घेऊन गेले की नुसते तोंड उघडत. मी समोर जाऊन रोज मनातल्या मनात त्यांच्या पाया पडायची आणि नळी झटकून परत यायची.

बाराव्या दिवशी त्यांना घरी सोडणार होते. मी चादर बदलायला गेले तेव्हा ते खुर्चीत बसले होते.

“त्या दिवशी काय लिहिलंस ते वाच.”

मला आधी कळेचना, माझ्याशी बोलतायत. धावत जाऊन मी कागद आणला आणि एकेक शब्द मराठीत करून वाचला. “ओठ कोरडे. चेहरा फिका. नाडी जलद. श्वास उथळ. गुडघे वर घेऊन अगदी स्थिर पडून आहे. पोट श्वासाबरोबर हलत नाही...” बुवा डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावरही त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“आणि घाम?”

“घाम?”

“कपाळावर घाम होता. थंड. माझ्या तळव्यालाही होता, तुझं मनगट ओलं झालं असेल. ते कुठंय?”

“ते राहिलं बुवा.”

“राहून कसं चालेल? सगळं त्या घामात होतं.” मग त्यांनी विचारलं, “आज काय लिहिणार?”

“कसं वाटतंय बुवा?”

त्यांनी सवयीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग बराच वेळ लावून, शोधून शोधून सांगितलं. “टाक्यांपाशी ओढतं. भूक लागलीय, पण दुधाची शिसारी आलीय. आणि तुझा राग आलाय.”

“थोडा?” मी भीत भीत विचारलं.

“थोड्याला तुझ्या इंग्रजीत काय म्हणतात?”

“स्लाइटली.”

“आणि फार आला असेल तर?”

“व्हेरी.”

“ते लिही.”

मी लिहिलं. बुवांनी कागद मागून घेतला. “कुठंय राग?” मी बोटाने दाखवला. त्यांनी तो शब्द बराच वेळ न्याहाळला. “एवढासाच?” म्हणाले, आणि कागद परत दिला.

पुढच्या नवमीला मी रजा काढून त्यांच्या गावी गेले. राममंदिराच्या अंगणात मांडव होता. बायकांच्या बाजूला जागा मिळाली ती एका म्हाताऱ्या सुइणीशेजारी. सगळं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, असं तिनेच बसल्या बसल्या सांगून टाकलं. बुवा उभे राहिले. अंगरखा आता त्यांच्या अंगावर लोंबत होता, पण आवाज खणखणीत होता. त्यांनी मला पाहिलं. मी हात जोडले. त्यांनी नजर पुढे नेली. राग वर्षभर टिकला होता.

उत्तररंगात, आख्यानाला, रामजन्म आला. बुवांचा रामजन्म मी लहानपणी दादांबरोबर येऊन ऐकला होता. त्यात कौसल्येला कळा येतच नसत. दुंदुभी वाजत, आकाशातून फुलं पडत आणि राम प्रकट होत. मी डोळे मिटून फुलांची वाट बघत बसले.

चिपळ्या थांबल्या. बुवांनी पेटीवाल्यालाही हाताने थांबवलं आणि अगदी खालच्या आवाजात, घरात बोलावं तसं सुरू केलं.

“कौसल्या राणी होती. पण त्या घटकेला तिला ते आठवत नव्हतं. ओठ कोरडे पडलेले. केस मानेला चिकटलेले. पलंगाचा खांब तिनं असा धरलेला, की बोटं पांढरी झालेली. दासी विचारतात, बाईसाहेब, कसं आहे? ती म्हणते, बरंय. पण श्वास अर्ध्यावर तुटतो. आणि कपाळावर घाम.” बुवा थांबले. “थंड.”

पुढच्या बाईने मांडीवरचं पोर छातीशी ओढलं. शेजारच्या सुइणीने माझ्या दंडाला धरलं आणि कानाशी येऊन म्हणाली, “आगं, बाप्या मानूस ह्यो. ह्याला कसं गं ठावं?”

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बारा वाजले आणि गुलाल उडाला.